सिडकोतलं इंजिन, गंगापूर रोडवरचा पट: दोन संगणकांवरचे बुद्धिबळ प्रोग्राम जोडायचे कसे

माझी भाची गंगापूर रोडला राहते, मी सिडकोत. तिच्याकडे चार जीबी रॅमचा लॅपटॉप. माझ्याकडे सहा कोअरचा टॉवर पीसी, जो संध्याकाळी सातनंतर नुसता बसून असतो. २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात आपल्या नाशिकचा विदित गुजराथी होता. त्यानंतर भाचीने बुद्धिबळ जरा जास्तच मनावर घेतलं. स्पर्धेच्या आदल्या रात्री ती डाव तपासायला बसली की दहा मिनिटांत लॅपटॉप तव्यासारखा तापायचा. एकदा म्हणाली, "मामा, विचार तुझ्या पीसीने करायचा आणि पट माझ्याकडे दिसायचा, असं नाही का होत?"

होतं. मला ते जमायला तीन रविवार लागले आणि त्यातले अडीच बुद्धिबळाशी काडीचाही संबंध नसलेल्या भानगडींत गेले. तुमचे रविवार वाचावेत म्हणून हे लिहितोय.

एक खुलासा आधीच करतो. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत, आणि वेगळं सांगितलं नसेल तर छोट्या अक्षरांत लिहायची.

१. आधी हे समजून घ्या

पडद्यावर दिसणारा पट आणि चाली शोधणारं इंजिन हे दोन वेगळे प्रोग्राम असतात. पट दाखवणाऱ्याला जीयूआय म्हणतात. स्टॉकफिश हे इंजिन. त्याला स्वतःचा पटच नाही. उघडलंत तर एक काळी खिडकी येते आणि बरेच जण तिथेच "हे बिघडलेलं दिसतंय" म्हणून बंद करतात.

हे दोघं ज्या भाषेत बोलतात तिचं नाव यूसीआय. श्रेडर इंजिनाचे कर्ते स्टेफान मायर-कालेन आणि रुडॉल्फ हुबर यांनी ती २००० साली आणली. भाषा म्हणजे साध्या मजकुराच्या ओळी. जीयूआय म्हणतो, अमुक स्थिती आहे, अमुक वेळ विचार कर. इंजिन मधेमधे खोली (किती चाली पुढचं पाहिलं) आणि गुण (कोण किती वरचढ) कळवत राहतं आणि शेवटी 'बेस्टमूव्ह' लिहून चाल सांगतं. बस्स. मधे नेटवर्क आहे की एकच मशीन, याची दोघांनाही गंधवार्ता नसते. म्हणजे आपल्याला फक्त या ओळी सिडकोतून गंगापूर रोडपर्यंत न बिघडता पोहोचवायच्या आहेत.

यातूनच माझा एकमेव नियम निघाला: प्रत्येक पायरीवर आपल्या हाताने 'यूसीआय' टाइप करायचं. समोरून 'यूसीआयओके' आलं तरच पुढे जायचं. मी पहिल्या रविवारी सगळं एकदम जोडून जीयूआय उघडला. त्याने "इंजिन प्रतिसाद देत नाही" एवढं एकच वाक्य सांगितलं. चूक पाच ठिकाणी होती.

२. काय काय लागेल

मोठं मशीन: शक्यतो लिनक्स. माझ्याकडे उबुंटू आहे. विंडोजही चालतं, पण त्यात एक खास सापळा आहे, तो पुढे येईल. छोटं मशीन: कुठलाही लॅपटॉप. विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत एसएसएच (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर कुलूपबंद जोडणीने आज्ञा चालवायचं साधन) आधीपासूनच असतं, वेगळं काही उतरवावं लागत नाही. जीयूआय म्हणून मी क्यूट चेस वापरला, फुकट आहे. त्याशिवाय राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड हवा. तो बहुधा केबलवाल्याने लावून दिलेला असतो आणि घरात कुणालाच माहीत नसतो, तेव्हा आधी तो मिळवा. मोठं मशीन राउटरला लॅन केबलने जोडता आलं तर फारच उत्तम.

कागदपत्रं काहीच नाहीत. फक्त एक वही ठेवा आणि प्रत्येक मशीनचा पत्ता, वापरकर्त्याचं नाव आणि इंजिनाची जागा त्यात लिहा. माझे निम्मे घोळ हे तीन शब्द इकडचे तिकडे झाल्याने झाले.

३. मोठ्या मशीनवर इंजिन बसवा

उबुंटूवर 'सुडो एपीटी इन्स्टॉल स्टॉकफिश' म्हटलं की काम झालं. इंजिन 'यूएसआर' मधल्या 'गेम्स' फोल्डरात बसतं. ही आवृत्ती थोडी जुनी असू शकते. ताजी हवी तर स्टॉकफिशच्या संकेतस्थळावरून घ्या. तिथे एकाच आवृत्तीच्या अनेक फाइली दिसतात, कारण प्रत्येक फाइल वेगळ्या पिढीच्या प्रोसेसरसाठी बांधलेली असते. जुन्या प्रोसेसरवर नव्या पिढीची फाइल चालवली तर इंजिन काहीही न बोलता मरतं किंवा 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणतं. खात्री नसेल तर सगळ्यात साधी फाइल घ्या. वेग कमी मिळेल, पण चालेल.

आता त्या मशीनसमोर बसून इंजिन सुरू करा आणि 'यूसीआय' टाइप करा. ऑप्शनांची लांबलचक यादी येईल, शेवटी 'यूसीआयओके'. मग 'गो मूव्हटाइम १०००' द्या. एक सेकंद विचार करून ते 'बेस्टमूव्ह' सांगेल. 'क्विट' म्हणून बाहेर या.

४. घरातल्या घरात एसएसएच

लॅपटॉप काही दिवस मोठ्या मशीनच्या घरी आणा. दोन घरांमधला प्रयोग थेट करायला गेलात तर दोष नेटवर्कचा, पासवर्डचा की इंजिनाचा हे कधीच कळणार नाही.

मोठ्या मशीनवर 'ओपनएसएसएच-सर्व्हर' बसवा. मग या कामासाठी एक वेगळा वापरकर्ता बनवा, त्याला सुडोचा, म्हणजे मशीनच्या मालकाचा, अधिकार देऊ नका. मी त्याचं नाव 'बुद्धिबळ' ठेवलं. तुमच्या नेहमीच्या खात्यात बँकेच्या फाइली आणि फोटो असतात, तिथे दुसऱ्या घरातून दार उघडायची गरज नाही.

मशीनचा घरातला आयपी पत्ता शोधा. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. राउटर हा पत्ता मनाला येईल तेव्हा बदलतो, म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो या मशीनसाठी राखून ठेवा. हे केलं नाहीत तर आठवडाभर छान चालेल, एक दिवस वीज जाऊन येईल आणि तुम्ही उगाचच इंजिनाला शिव्या घालत बसाल.

लॅपटॉपवरून 'एसएसएच', मग वापरकर्त्याचं नाव, ॲट चिन्ह आणि आयपी पत्ता, त्यापुढे एक जागा सोडून इंजिनाचा पूर्ण पत्ता. नुसतं 'स्टॉकफिश' लिहू नका, पूर्ण वाट लिहा. पहिल्यांदा ते विचारेल, या मशीनवर विश्वास ठेवू का? 'यस' पूर्ण लिहा. पासवर्ड द्या. आता समोर काहीच आलं नाही तरी घाबरू नका, 'यूसीआय' टाइप करा. 'यूसीआयओके' आलं की चहा घ्यायला हरकत नाही. अवघड अर्धं झालं.

नाही आलं तर? जोडणीच होत नसेल तर बहुधा लॅपटॉप राउटरच्या गेस्ट वायफायवर असतो. त्या वायफायवरची मशीनं घरातल्या इतर मशीनना पाहू शकत नाहीत. मोठं मशीन विंडोजचं असेल तर त्यावर नेटवर्क 'पब्लिक' ऐवजी 'प्रायव्हेट' आहे ना आणि एसएसएच सर्व्हरची सेवा सुरू आहे ना, ते बघा.

५. पासवर्डऐवजी किल्ली

हाताने पासवर्ड देणं ठीक, पण जीयूआयला तो देता येत नाही. तो बिचारा 'यूसीआयओके'ची वाट बघत बसतो, पलीकडे एसएसएच पासवर्डची, आणि शेवटी दोघंही कंटाळतात.

लॅपटॉपवर 'एसएसएच-कीजेन' चालवा, प्रकार 'ईडी२५५१९' निवडा. दोन फाइली तयार होतात. शेवटी 'पब' असलेली सार्वजनिक, ती पाठवायची. दुसरी खाजगी, ती कुणालाच द्यायची नाही, व्हॉट्सॲपवर तर अजिबातच नाही. भाचीने उत्साहात चुकीची फाइल पाठवली होती. मी दोन्ही पुसून नव्या बनवायला लावल्या. ती म्हणाली, "मामा, तू आपलाच आहेस ना!" आहे, पण किल्लीला नाती कळत नाहीत.

सार्वजनिक फाइलमधली ती एक लांब ओळ मोठ्या मशीनवर 'बुद्धिबळ' वापरकर्त्याच्या घरात, 'डॉट एसएसएच' फोल्डरातल्या 'ऑथोराइज्ड अंडरस्कोर कीज' या फाइलमध्ये टाका. फोल्डरची परवानगी ७००, फाइलची ६००, म्हणजे त्या वापरकर्त्याशिवाय कुणालाच ती उघडता येत नाहीत. परवानग्या सैल असतील तर एसएसएच किल्ली मुकाट्याने नाकारतं आणि पुन्हा पासवर्डच मागतं. कारण सांगत नाही.

विंडोजवाल्यांसाठी तो सापळा आता. तुमचा वापरकर्ता ॲडमिनिस्ट्रेटर असेल तर विंडोज ही फाइल बघतच नाही. ते 'प्रोग्रामडेटा' मधल्या 'एसएसएच' फोल्डरात 'ॲडमिनिस्ट्रेटर्स' नावाने सुरू होणारी वेगळी फाइल बघतं. माझ्या एका मित्राचा यात अख्खा शनिवार गेला. साधा, बिनअधिकाराचा वापरकर्ता बनवलात तर हा प्रश्नच येत नाही.

आणखी एक गोष्ट, माझ्या मते या लेखातली सगळ्यात कामाची. किल्लीच्या ओळीच्या अगदी सुरुवातीला 'रिस्ट्रिक्ट', स्वल्पविराम, 'कमांड', बरोबरचं चिन्ह (=) आणि अवतरणात इंजिनाचा पूर्ण पत्ता लिहा. मग त्या किल्लीने आत येणाऱ्याला फक्त इंजिन मिळतं. फाइली बघता येत नाहीत, दुसरा प्रोग्राम चालवता येत नाही. लॅपटॉप बसमध्ये विसरला तरी चोराच्या हाती लागेल ते फक्त माझ्या पीसीवरचं फुकटचं स्टॉकफिश.

शेवटी लॅपटॉपच्या 'डॉट एसएसएच' फोल्डरात 'कॉन्फिग' नावाची फाइल बनवा. तिथे मशीनचं टोपणनाव, पत्ता आणि वापरकर्ता लिहिता येतो. मी टोपणनाव 'सिडको' ठेवलं. आता 'एसएसएच सिडको' एवढंच पुरतं. त्यातच 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ३०' ही ओळ टाका. कशासाठी, ते आठव्या पायरीत.

६. जीयूआयला फसवणं

जीयूआयला वाटतं की इंजिन म्हणजे याच मशीनवरची एक फाइल. म्हणून त्याला एक फाइल द्यायची. विंडोजवर नोटपॅडमध्ये दोन ओळींची बॅच फाइल: पहिली 'ॲट इको ऑफ', दुसरी 'एसएसएच उणे टी सिडको' ('ॲट' आणि 'उणे' ही चिन्हं, शब्द नव्हेत). इथला 'टी' मात्र मोठ्या लिपीतला. छोट्या 'टी'ने पलीकडे टर्मिनल उघडतं, तुमच्याच ओळी परत छापल्या जातात आणि जीयूआय गोंधळतो. लिनक्सच्या लॅपटॉपवर हेच काम दोन ओळींची शेल स्क्रिप्ट करते.

आता क्यूट चेसच्या सेटिंगमध्ये इंजिन जोडा, कमांड म्हणून ही फाइल द्या, प्रोटोकॉल यूसीआय. काही व्यावसायिक जीयूआय फक्त 'ईएक्सई' फाइलच घेतात, तिथे बॅच फाइलने भागत नाही. उलट लिनक्सवरच्या एक्सबोर्ड या जुन्या जीयूआयमध्ये इंजिन दुसऱ्या मशीनवर चालवायची सोय आत बांधलेलीच आहे. ही हौस काही आजची नाही.

हाताने चालतं पण जीयूआयमध्ये चालत नाही? मोठ्या मशीनवर वापरकर्ता आत येताच आपोआप चालणाऱ्या 'बॅशआरसी' फाइलमध्ये कुणी स्वागताचा मजकूर छापायची ओळ टाकली आहे का बघा. माझ्या फाइलमध्ये रोज सकाळी "जय श्रीराम, आजची कामं" असं छापणारी ओळ होती, मीच कधीतरी टाकलेली आणि नव्या वापरकर्त्याकडेही कॉपी झालेली. इंजिनाच्या आधी ती ओळ जीयूआयकडे जायची आणि तो बुचकळ्यात पडायचा.

आणि एक खात्री नक्की करा: विचार खरंच तिकडे होतोय का? भाचीने चुकून लॅपटॉपवरचंच जुनं इंजिन निवडलं होतं आणि दोन दिवस "मामा, फारसा फरक नाही पडला" म्हणत होती. दर सेकंदाला किती स्थिती तपासल्या, तो आकडा बघा. तिच्या लॅपटॉपवर सात लाखांच्या आसपास यायचा, माझ्या पीसीवरून पन्नास लाखांच्या वर. दुसरी खूण म्हणजे माझ्या खोलीतला पंखा घोंगावायला लागतो.

७. ऑप्शन कुणाच्या मशीनचे?

इथे नवखे हमखास चुकतात. जीयूआयमध्ये दिसणारे सगळे ऑप्शन दूरच्या मशीनला लागू होतात. स्टॉकफिशचे 'थ्रेड्स' (एकाच वेळी किती कोअरवर विचार करायचा) मुळात १ आणि 'हॅश' (तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायची जागा) फक्त १६ एमबी असतात. तसेच ठेवलेत तर सहा कोअरचं मशीन एका कोअरवर रांगेल. थ्रेड्स मोठ्या मशीनच्या कोअरइतके करा. मी एक कमी ठेवतो, म्हणजे घरच्यांना तोच पीसी वापरता येतो. हॅश मोठ्या मशीनच्या रॅमप्रमाणे, माझ्याकडे २०४८ एमबी.

सिझिगी टेबलबेस (पटावर मोजक्याच सोंगट्या उरल्यावरच्या स्थितींची तयार उत्तरं) वापरणार असाल तर त्यांच्या फोल्डरची वाट मोठ्या मशीनवरची लिहायची. लॅपटॉपवरचा 'सी' ड्राइव्ह तिकडच्या इंजिनाला दिसत नाही. पाच सोंगट्यांपर्यंतचा संच साधारण एक जीबीचा आहे, तेवढा पुरे. सहा सोंगट्यांचा दीडशे जीबीच्या घरात जातो. ओपनिंग बुकचं, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींच्या फाइलचं, मात्र उलट. ते जीयूआय स्वतः वाचत असेल तर लॅपटॉपवरच हवं.

८. दोन घरांच्या मधे

घरात चाललं, आता लॅपटॉप परत गंगापूर रोडला. पहिला सल्ला प्रत्येक जण देतो तो राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडण्याचा. दोन कारणांनी तो नको. एक, बरेच इंटरनेट पुरवठादार अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. राउटरमधला वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही त्यातलेच, आणि कितीही पोर्ट उघडले तरी आत कुणी येणार नाही. दोन, पोर्ट खरंच उघडला तर जगभरचे स्वयंचलित प्रोग्राम दिवसरात्र दार ठोठावत राहतात.

त्याहून वाईट सल्ला म्हणजे 'सोकॅट'सारख्या साधनाने इंजिन थेट नेटवर्कवर मोकळं सोडणं. यूसीआयमध्ये पासवर्ड नावाची गोष्टच नाही. शिवाय स्टॉकफिशमध्ये 'डीबग लॉग फाइल' हा ऑप्शन आहे. त्यात फाइलचं नाव दिलं की इंजिन तुमच्या मशीनवर ती फाइल लिहायला घेतं. अनोळखी माणसाला एवढं दार उघडं ठेवणार का?

मी टेलस्केल वापरतो, दूरदूरच्या मशीनना एका खाजगी नेटवर्कात जोडणारा प्रोग्राम. दोन्ही मशीनवर बसवून एकाच खात्याने आत गेलं की दोघांना १०० ने सुरू होणारा एकेक खाजगी पत्ता मिळतो आणि मधला सगळा मजकूर वायरगार्ड या सांकेतिक पद्धतीने कुलूपबंद असतो. घरगुती वापराला पैसे लागत नाहीत. 'कॉन्फिग' फाइलमध्ये जुन्या पत्त्याऐवजी हा नवा टाकला की बाकी काही बदलावं लागत नाही.

वेगवान इंटरनेटची गरज नाही. जातात त्या मजकुराच्या ओळी, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही काम भागतं. महत्त्वाचा आहे तो उशीर. 'पिंग' ही आज्ञा देऊन तो बघा. विश्लेषणाला शंभर मिलिसेकंदांनीही काही बिघडत नाही. घड्याळ लावून डाव खेळवायचा असेल तर मात्र 'मूव्ह ओव्हरहेड', म्हणजे अशा उशिरासाठी दर चालीला राखून ठेवलेला वेळ, वाढवा. स्टॉकफिशमध्ये तो मुळात १० मिलिसेकंद असतो, मी दोन घरांमध्ये ३०० ठेवतो. नाहीतर जिंकलेल्या डावात इंजिन झेंडी पाडून घेतं, म्हणजे वेळ संपून हरतं.

आणि ती 'सर्व्हरअलाइव्ह'ची ओळ. डिसेंबरातली गोष्ट. भाचीने अमर्याद विश्लेषण लावलं आणि तिच्याकडची वीज गेली. राउटर गप्प झाला, पण जोडणी तुटल्याचं माझ्या पीसीला कुणी सांगितलंच नाही. इंजिन रात्रभर विचार करत राहिलं. पहाटे निफाडच्या गारठ्याच्या बातम्या येत होत्या आणि माझी खोली उबदार होती, तेव्हा उलगडा झाला. लॅपटॉपवरची ओळ लॅपटॉपच्या बाजूची जोडणी तपासते. या प्रसंगासाठी मोठ्या मशीनवर एसएसएच सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 'क्लायंटअलाइव्हइंटरव्हल ३०' हवं. मग पलीकडे कुणी नाही हे त्याला दीड-दोन मिनिटांत कळतं, ते जोडणी सोडतं आणि स्टॉकफिश आपोआप बंद होतं.

मोठं मशीन झोपी जाणार नाही अशी पॉवर सेटिंगही करा. झोपलेलं मशीन आणि बंद पडलेलं नेटवर्क दुरून अगदी सारखेच दिसतात.

९. दोन इंजिनांची लढत

हे हौसेचं, पण मजा यातच आहे. लीला, म्हणजे एलसी-झीरो, हे इंजिन ग्राफिक्स कार्डावर खुलतं. स्टॉकफिशला साधे प्रोसेसर कोअर हवेत. भाचीच्या चुलतभावाकडे गेमिंगचं मशीन आहे. त्यावर लीला, माझ्याकडे स्टॉकफिश, मधे क्यूट चेसचा कमांड लाइनवाला भाऊ, 'क्यूटचेस-सीएलआय'. दोन्ही इंजिनांना कमांड म्हणून आपली ती एसएसएचची फाइल द्यायची, प्रत्येकाला एक मिनिट आणि दर चालीला अर्धा-पाऊण सेकंद, रंग आलटून पालटून. 'टाइममार्जिन', म्हणजे वेळ उलटल्यावरची सूट, थोडं ठेवा म्हणजे नेटवर्कच्या उचकीने कुणी हरणार नाही. सुरुवातीच्या वेगवेगळ्या स्थितींची फाइल द्या, नाहीतर तेच ते डाव बघावे लागतील. निकालावरून भांडू नका, दोन वेगळ्या मशीनवरची लढत बरोबरीची नसतेच.

भाचीला मात्र पहिल्याच दिवशी बजावलं: ऑनलाइन डाव चालू असताना हे जोडायचं नाही. संकेतस्थळं पकडतात आणि खातं जातं. डाव संपला की खुशाल बघ.

आता तिचा फोन आला की मी ठरलेल्या क्रमाने विचारतो. माझा पीसी चालू दिसतोय का, टेलस्केल हिरवं आहे का, काळ्या खिडकीत 'एसएसएच सिडको' आणि मग 'यूसीआय' टाइप केलं का. परवा तिसऱ्या प्रश्नाला म्हणाली, "मामा, यूसीआयओके आलंय. आता फोन ठेव, मला निम्झो ओपनिंग बघायचंय."